सायंकाळी सहा ते आठ या वेळेत खाण्यावरचा ताबा सुटतो, काय करावे?

अबोली :

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. गेल्या महिन्यातील तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण, ६.१ टक्के आले. हा मधुमेह नव्हे, परंतु त्याच्या उंबरठ्यावर आपण उभ्या आहात, तेव्हा सध्या गोळी न देता वजन पाच ते सात टक्क्यांनी उतरवून पाहू, असे डॉक्टरांनी सांगितले. सात टक्के म्हणजे माझ्या बाबतीत पाच किलो होतात आणि तेवढे उतरवणे अशक्य नाही, हे मला पटलेले आहे.

दिवसभर मी नीट वागते. पहाटे पाचला उठून घरातल्या सगळ्यांचे डबे करते, चहाबरोबर दोन बिस्किटे खाते, स्वतःच्या डब्यात दोन पोळ्या, पालेभाजी आणि काकडी नेते. शाळेत कोणाच्या वाढदिवसाचे पेढे किंवा सामोसे आले तरी हात लावत नाही. सहाच्या सुमारास घरी पोचल्यावर मात्र सारे बिघडते. ओट्याशी उभी राहून रात्रीची भाजी चिरता चिरता फरसाणाच्या डब्यात हात जातो, मग शेंगदाण्याचा लाडू, मग सकाळची उरलेली पोळी कुस्करून केलेला चिवडा, आणि एवढे होऊनही आठ वाजता सर्वांबरोबर पूर्ण जेवण होतेच. त्यातच सासूबाई मोठ्या मायेने म्हणतात, ‘दिवसभर राबून आलीस, दोन घास खाऊन घे गं.’ त्यांना नाही म्हणणे मला जमत नाही.

आता गणपती तोंडावर आले आहेत. मागोमाग गौरीचे जेवण, नवरात्र आणि दिवाळीचा फराळ येईल. जिभेवर ताबा राहावा यासाठी मनाचा निर्धार कसा वाढवावा, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

ओंजळ :

अबोलीताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपण लिहिलेला दिनक्रम दोनदा वाचला. आपला निर्धार कमी पडतो आहे असे मला वाटत नाही. सहा वाजता आपल्याला जे होते ती मुख्यतः खरीखुरी भूक आहे, आणि तिची सुरुवात सकाळीच झालेली असते.

आपल्या दिवसाचा हिशेब पाहू. मध्यम आकाराच्या एका पोळीतून सुमारे ३ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन पोळ्या, थोडी पालेभाजी, काकडी आणि दोन बिस्किटे एवढ्यावर आपण सायंकाळपर्यंत शिकवता, म्हणजे तोवर पोटात १२ ग्रॅमही प्रथिने गेलेली नसतात. आपल्यासारख्या स्त्रीला दिवसाला किमान ४५ ते ५० ग्रॅम हवीत. प्रथिने आणि तंतू यांनी पोट दीर्घकाळ भरलेले राहते, आणि नेमके तेच आपल्या डब्यात कमी आहेत. अशा अवस्थेत समोर तळलेले, खारट आणि गोड पदार्थ आले की शरीर त्यांच्याकडे ओढ घेणारच.

याविषयी एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण स्वेच्छेने आलेले आणि मनाने खंबीर होते. तरीही काही आठवड्यांतच त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय राहीना. स्वयंपाकाशी आधी काडीचाही संबंध नसलेली माणसे पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटातला घास तासभर पुरवून खाऊ लागली. आपली अवस्था त्यांच्याइतकी टोकाची अर्थातच नाही, परंतु उपाशी शरीर मनाला अन्नाकडेच वळवत राहते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाला मी आधी नीट जेवायला सांगते, आणि हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

डब्यात पालेभाजीबरोबर वाटीभर मोड आलेल्या मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ न्यावी. पालेभाजीच न्यायची असेल तर ती डाळ घालून करावी. सकाळी बिस्किटांऐवजी एक उकडलेले अंडे किंवा मुगाचे धिरडे खावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळा सुटल्यावर, घरी पोचण्यापूर्वी, मूठभर फुटाणे खाऊन वर भांडेभर पाणी किंवा ताक प्यावे. तीस ग्रॅम फुटाण्यांतून साधारण ६ ग्रॅम प्रथिने आणि ११० किलोकॅलरी मिळतात. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या शेवेत त्याच्या दीडपट ऊर्जा सहज असते आणि पोट मात्र भरत नाही. हे खाणे घराच्या उंबऱ्याबाहेरच झाले पाहिजे, कारण एकदा ओट्याशी उभे राहिल्यावर फुटाण्यांची आठवण कोणालाच होत नाही.

आणखी एक प्रश्न विचारते. पहाटे पाचला उठता, तर रात्री झोपता किती वाजता? शिकागो विद्यापीठातील एका छोट्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले आणि त्यांना विशेषतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थ हवेसे वाटू लागले. आपली झोप साडेपाच तासांची असेल, तर आहाराचे सारे नियोजन त्याच एका जागी सांडते.

ओसरी :

ओंजळताईंनी पोटाची बाजू उत्तम सांगितली आहे. मी माणसांची बाजू मांडतो, कारण आमचे कुटुंब एकत्र आहे आणि आमच्याकडे आग्रह हाच पाहुणचार मानला जातो.

आग्रहाला पानावर बसल्यावर नकार देणे फार अवघड असते. वाढणाऱ्याचा हात पुढे आलेला असतो, चार माणसे पाहत असतात, आणि अशा वेळी ‘नको’ म्हटले की ते अन्नाला नव्हे, माणसाला म्हटल्यासारखे होते. म्हणून हे बोलणे पंगतीच्या आधी, एखाद्या निवांत दुपारी व्हायला हवे. माझा बायपास झालेला नाही की मला कोणता मोठा आजारही नाही, त्यामुळे घरच्यांना माझे पथ्य म्हणजे उगाचचे खूळ वाटत असे. मग मी रक्ततपासणीचा कागद आईसमोर ठेवला आणि तिलाच विचारले की मला काय करून देशील. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची झाली. आता पाहुण्यांसमोर तीच म्हणते, ‘त्याला नका वाढू, त्याचं वेगळं काढलंय.’ अबोलीताई, आपल्या सासूबाईंना आपल्याला खाऊ घालायचे आहे, ही त्यांची इच्छा मोडण्याचे कारणच नाही. आल्यावर फरसाणाऐवजी गरम वरणाची वाटी किंवा काकडीची कोशिंबीर हातात द्या, एवढेच त्यांना सांगा. मायेला करण्यासारखे काहीतरी काम मिळाले की आग्रह आपोआप योग्य वाटेने वळतो.

सणाच्या पंगतीसाठी माझी एक रीत आहे. मी पहिल्या पंगतीला वाढप्याचे काम अंगावर घेतो. दीड-दोनशे पाने वाढून होईपर्यंत चालणे भरपूर होते, सर्वांच्या खाण्याचा आनंद पाहता येतो, आणि स्वतः जेवायला बसतो तेव्हा आग्रह करणारे ज्येष्ठ वामकुक्षीला गेलेले असतात. मग दोन उकडीचे मोदक साजूक तूप घालून, मन लावून खातो आणि त्या जेवणात भात घेत नाही. मोदकाची पारीही तांदळाचीच असते, त्यामुळे भाताची उणीव जाणवत नाही. गणपतीत मोदक न खाण्याचा संकल्प करू नये असे मला मनापासून वाटते. जो पदार्थ वर्षातून एकदा मिळतो आणि ज्याच्याशी घराच्या आठवणी जोडलेल्या आहेत, तो खावाच. वजन वाढते ते रोजच्या फरसाणाने.

सह्यकडा :

माझे मत थोडे वेगळे आहे. मला ‘थोडेसे’ कधीच जमले नाही. एक शंकरपाळी खाल्ली की वाटी संपते, आणि एकही न खाणे हे एक खाऊन थांबण्यापेक्षा मला कितीतरी सोपे जाते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात त्याप्रमाणे मी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवतो, आणि रोज ४५ मिनिटे चालतो. मधल्या वेळी तोंडात काही टाकायचेच नाही हे एकदा ठरल्यावर दर वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. समोर पेढ्यांचा बॉक्स फिरत असला तरी माझ्यासाठी तो प्रश्न आधीच सुटलेला असतो. अबोलीताईंचा स्वभाव माझ्यासारखा असेल, तर सायंकाळच्या फुटाण्यांऐवजी त्यांनी सहा वाजताच रात्रीचे पूर्ण जेवण करून टाकावे आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडावे.

ओंजळ :

सह्यकडा यांचा शेवटचा मुद्दा मला आवडला. काही माणसांना स्पष्ट सीमारेषा सोसते, काहींना तीच जाचते आणि ती ओलांडल्यावर मग धरबंधच राहत नाही. आपण कोणत्या प्रकारच्या आहात हे अबोलीताईंनी स्वतःच ठरवावे. फक्त एक गोष्ट गांभीर्याने सांगते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणांच्या वेळा व संख्या स्वतःच्या मनाने बदलू नयेत, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यांनी डॉक्टरांकडून आधी औषधांची मात्रा ठरवून घ्यावी. अबोलीताईंना सध्या गोळी नाही, त्यामुळे सहाचे जेवण त्या निश्चिंतपणे करून पाहू शकतात.

केळफूल :

सगळे काही त्या डब्यापाशी घडते आहे, त्यामुळे मी डब्याविषयीच लिहिते. आमच्या घरीही फरसाण ओट्यावरच्या पारदर्शक बरणीत असायचे आणि येता-जाता प्रत्येकाचा हात त्यात जायचा. मी ती बरणी काढून सगळा तळलेला खाऊ स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवला. स्टूल आणायचे, चढायचे, डबा उतरवायचा, झाकण उघडायचे, एवढे सगळे करेपर्यंत आपल्याला खरोखर हवे आहे का, हा विचार मनात येतोच. ओट्यावर आता केळी, पेरू आणि भाजलेल्या शेंगा असतात. मुलेही समोर दिसेल तेच उचलतात, त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो असे मानू नये.

दुसरे म्हणजे किलोचे पाकीट आणणे बंद करावे. स्वस्त पडते म्हणून आणलेले मोठे पाकीट ‘मऊ पडेल’ या भीतीने संपवले जाते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हवे तेवढे खाण्याची मुभा असताना, तीच माणसे साध्या, फारशी प्रक्रिया न केलेल्या अन्नाच्या आहारापेक्षा कारखान्यात प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या आहारावर रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, आणि दोन्ही आहार त्यांना चवीला सारखेच आवडले होते. असे पदार्थ भराभर खाल्ले जातात आणि पोट भरल्याची जाणीव मागे राहते. पाकीट घरात आले की रोज नव्याने झगडावे लागते, म्हणून मी दुकानातच ते टाळते.

दिवाळीचा फराळ मी बंद केलेला नाही आणि करणारही नाही. चकली, करंजी, अनारसे, बेसनाचे लाडू सगळे होते, पण आधी चार किलोचा घाणा निघत असे तिथे आता किलोभराचा निघतो आणि तो वसुबारसेच्या आदल्या दिवशीच तळला जातो. पंधरा दिवस आधी तळून ठेवला की दिवाळी येईपर्यंत अर्धा संपलेला असतो. तळताना चव पाहणे मात्र कोणा दुसऱ्याकडे सोपवावे.

अबोली :

सर्वांचे मनापासून आभार. ओंजळताई, झोप साडेपाच तासांचीच आहे, आपण अचूक ओळखलेत. आजच यजमानांशी बोलून दोन दिवसांचे डबे त्यांनी करावेत असे ठरवले आहे. तपासणीचा कागद सासूबाईंना अजून दाखवलेलाच नव्हता, तो आज रात्री दाखवते. एक शंका मात्र राहते. मी श्रावणी सोमवार आणि संकष्टी करते. उपासाच्या दिवशी खाणे कमी होते, म्हणजे वजनाच्या दृष्टीने ते दिवस चांगले मानावेत का?

ओंजळ :

आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणतात ते उपासाच्या ताटाकडे पाहूनच. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतातच. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि तूप पडले की खिचडीची एक बशी साध्या जेवणापेक्षा जड होते आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते. तूप किंवा तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे पोहे खायच्या चमच्यातले पाच ग्रॅम तूपही ४५ किलोकॅलरींचे होते.

उपास अवश्य करा, परंतु त्यात वरीचा भात आणि दाण्याची आमटी असा बेत ठेवा, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही घ्या. दुपारी पपई किंवा पेरू खावा आणि ताक दोनदा प्यावे. संकष्टीला चंद्रोदय उशिरा होतो, तोपर्यंत आपण नेमक्या त्या सहा ते आठच्या वेळेत पूर्ण उपाशी असता, म्हणून त्या दिवशी पाचच्या सुमारास भाजलेले शेंगदाणे आणि एखादे फळ खाण्यास आपला नियम परवानगी देतो का, ते घरातल्या मोठ्यांना विचारून घ्यावे. उपास सोडताना पहिला वाढा वरण-भाजीचा घ्यावा आणि मोदक शेवटी खावा. चंद्रोदयानंतरचे जेवण रात्री नऊच्या पुढे जात असेल, तर भाताचे प्रमाण नेहमीच्या निम्म्यावर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता चुकवू नये.