मदत हवी आहे : डोंगरातल्या जुन्या घरात आईसह मुक्काम, खोली कोणती घ्यावी?

नमस्कार,

डोंगरातल्या एका ऐतिहासिक घरात चालणाऱ्या बेड अँड ब्रेकफास्टमध्ये आईला घेऊन काही दिवस राहण्याचा विचार आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी अशा घरांत राहिलेल्यांचा सल्ला हवा आहे. घर शंभर वर्षांहून जुने, जाड दगडी भिंतींचे असून मालकांचे कुटुंब तिथेच राहते. वास्तू संरक्षित असल्यामुळे लिफ्ट बसवता येत नाही आणि खिडक्याही जुन्याच, एकेरी काचेच्या ठेवाव्या लागल्या आहेत, असे मालकांनी आपणहून कळवले. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

प्रश्न खोलीचा आहे. मुख्य घरात वरच्या मजल्यावर दरीकडे तोंड असलेली, फायरप्लेसची खोली मिळते आहे. दुसरी खोली अंगणापलीकडच्या जुन्या तबेल्यात, जमिनीलगत, आतच न्हाणीघर आणि विजेचा हीटर असलेली आहे. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. कठड्याला धरून ती सावकाश जिना चढते, उतरताना मात्र तिला भीती वाटते. माझा कल अर्थातच तबेल्याकडे आहे, पण "इतक्या लांब जाऊन तबेल्यातच झोपायचे असेल तर मी येत नाही," असे तिने स्पष्ट सांगितले आहे.

जुन्या घरांतले जिने अरुंद आणि उभे असतात, पायऱ्यांची उंचीही सारखी नसते, हे ऐकून आहे. जिन्याची छायाचित्रे मागवली आहेत. परंतु छायाचित्रावरून चढाचा अंदाज येतो का? वरच्या खोलीचे न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे की खाली, हे अजून विचारायचे आहे. ते खाली असेल, तर रात्री अंधारात जिना उतरण्याचा प्रश्न येईल आणि मग आईचा हट्टही मी मानणार नाही.

खरी काळजी फायरप्लेसची आहे. उघड्या आगीची बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते आणि दगडी भिंती तापायला वेळ घेतात, त्यामुळे खोली आधी रिकामी असेल तर पहिली रात्र गारठ्यातच जाईल, असे वाटते. आदल्या दिवसापासून खोली गरम करून ठेवायला सांगणे रीतसर ठरेल का? शिवाय धुराडे तुंबलेले असेल तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचू शकतो, आणि त्याला रंग किंवा वास नसल्यामुळे झोपेत कळतही नाही. धुराडे शेवटचे केव्हा साफ केले आणि खोलीत या वायूची सूचना देणारे यंत्र आहे का, हे मालकांना न दुखावता कसे विचारावे? की असे प्रश्न त्यांच्या सवयीचे असतात?

घर समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे. साधारण २,५०० मीटरच्या पुढे विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, कारण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन चतुर्थांशच उरतो. म्हणून सपाटीवरून एका दिवसात थेट वर न जाता वाटेत १,५०० मीटरच्या आसपास एक रात्र काढावी, असे मनात आहे. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यामुळे डॉक्टरांना विचारणारच आहे. मला हवे आहेत ते ज्येष्ठांना अशा उंचीवर नेलेल्यांचे अनुभव. विशेषतः पहिल्या रात्री झोप लागली का, आणि दुसऱ्या दिवशी चालणे कितपत जमले?

न्याहारीची वेळ ठरलेली आहे, त्याची अडचण नाही. मात्र रात्री मुख्य दार आतून बंद होते, म्हणजे तबेल्यात राहिलो आणि अपरात्री गरज पडली तर कोणाला आणि कसे उठवायचे, हा मुद्दा माझ्या पसंतीच्या खोलीविरुद्ध जातो, हे मान्य करावे लागेल.

मालक येत्या रविवारपर्यंत दोन्ही खोल्या राखून ठेवणार आहेत, तेव्हा त्यापूर्वी कोणी लिहिले तर फार उपयोग होईल.