घड्याळ चालू ठेवून निघून जाणारे: ऑनलाइन बुद्धिबळातले आपले अनुभव

म्हापसा (धागा उघडताना)

गेल्या आठवड्यात १५ मिनिटांच्या एका डावात माझ्याकडे एक हत्ती जास्त होता आणि समोरच्याचा राजा मागच्या ओळीत कोंडला गेला होता. दोन चालींत मात होती. ती त्यालाही दिसली हे मला लगेच कळले, कारण तोवर पाच-सात सेकंदांत चाल करणारा माणूस एकाएकी थांबला. त्याच्या घड्याळात ९ मिनिटे १२ सेकंद शिल्लक होते, माझ्याकडे जेमतेम पावणेदोन मिनिटे. नावाशेजारचा हिरवा ठिपका तसाच होता, म्हणजे तो कुठे गेलेला नव्हता. मी पटासमोरून हललो नाही. ४ सेकंद उरले तेव्हा त्याने एक प्यादे पुढे सरकवले. मी कंटाळून उठून गेलो असेन आणि माझी पावणेदोन मिनिटे आपोआप संपतील, एवढ्याच आशेवर त्याने नऊ मिनिटे घालवली होती. मी शह दिला आणि तो ठिपका विझला. वेळ संपल्यामुळे मी जिंकलो असे पडद्यावर आले, पण मात काही पटावर झाली नाही.

माझा प्रश्न गुणांचा नाही. असे केल्याने रेटिंग वाचत नाही, कारण वेळ संपून हरले काय किंवा डाव सोडून हरले काय, गुण तेवढेच जातात. तरीही लोक असे का करतात, तुमच्या वाट्याला काय आले आणि तुमच्या हातून असे कधी घडले का, हे मनापासून लिहावे अशी विनंती आहे. नावे मात्र कोणाचीही नकोत.

फोंडा

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि शनिवारी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते. दोन वर्षांपूर्वी सहावीतली दोन मुले एकाच खोलीत, समोरासमोरच्या बाकांवर बसून टॅबवर एकमेकांशी खेळत होती. एकाचा वजीर गेला आणि अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "टीचर, रेंज गेली." दोघांचेही टॅब शाळेच्या एकाच वायफायवर होते आणि दुसऱ्याचा व्यवस्थित चालू होता. मी त्याला रागावले नाही. लाकडी पट काढला, टॅबवरची स्थिती जशीच्या तशी मांडायला लावली आणि तिथून पुढे खेळा म्हटले. अकरा चालींत तो हरला. हरल्यावर आपली सोंगटी न सोंगटी त्याने स्वतः उचलून मूळ जागी लावली आणि मग मला विचारले, वजीर वाचवण्यासाठी घोडा आधी हलवायला हवा होता का? हा प्रश्न त्याला टॅब बंद करून कधीच पडला नसता.

२०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला विश्वचषक चालू होता, तेव्हा या मुलांना मी रोजचे डाव प्रक्षेपणावर दाखवत असे. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेत २०६ खेळाडू होते, म्हणजे विजेता जावोखिर सिंदारोव सोडला तर बाकीचे सगळे आपल्या गोव्यात येऊन केव्हा ना केव्हा हरलेच. विश्वविजेता गुकेशसुद्धा तिसऱ्या फेरीत फ्रेडरिक स्वानेकडून हरून बाहेर पडला. मी मुलांना सांगितले की चाली नंतर बघू, आज फक्त डाव संपतानाचा अर्धा मिनिट बघा. हरणारा घड्याळ थांबवतो, हात पुढे करतो, चाली लिहिलेल्या कागदावर सही करतो. तेव्हापासून आमच्या वर्गात ऑनलाइन डाव सोडला की पडद्यावर "धन्यवाद" लिहायचे असा नेम आहे. काही मुले तो घरीही पाळतात, असे पालक सांगतात.

केरी, सत्तरी

वरचे दोन्ही अनुभव वाचले आणि सर, दुसरी बाजू मांडल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडे जूनचा पहिला मोठा पाऊस आला की एखादी फांदी किंवा माडाची झावळ तारांवर पडते आणि वीज जाते. राऊटरला इन्व्हर्टर जोडला तरी बाहेरची केबल तुटलेली असते, आणि मोबाइलची रेंज घरात नसून पाठीमागच्या काजूच्या बागेत, तीही एका ठरावीक दगडापाशी मिळते. टाळेबंदीच्या काळात आमच्या भागातली मुले ऑनलाइन वर्गांसाठी डोंगर चढत होती. आम्ही बुद्धिबळही तसेच खेळतो.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा डाव पूर्णपणे जिंकत आलेला होता. प्याद्याचा वजीर व्हायला एकच घर उरले होते आणि तेवढ्यात अंधार झाला. मी फोन घेऊन पावसात त्या दगडापर्यंत धावलो. पोचलो तेव्हा डाव संपला होता आणि समोरच्याने पळपुटा म्हणून दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, ज्यांत माझ्या आईचाही उद्धार होता. त्याच आठवड्यात वीज आणखी दोनदा गेली, तेव्हा मला ताकीद आली आणि मग काही वेळ खेळण्यास बंदीही झाली. यंत्राला माणसाचे मन दिसत नाही, डाव अर्धवट सुटले एवढेच दिसते, हे मला मान्य आहे. पण ती शिवी यंत्राने दिली नव्हती. जिंकत आलेला डाव कोणी मुद्दाम सोडून पळत नाही, एवढा विचार पटाकडे एकदा पाहिले असते तरी सुचला असता.

वास्को

माझा अनुभव छोटा आहे. हरत आलेला खेळाडू दर चालीला बरोबरीचा प्रस्ताव पाठवत राहिला, एका डावात अठरा वेळा मी मोजले. पटावरच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याला असा त्रास देणे फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांनी सरळ निषिद्ध आहे आणि पंचाला बोलावता येते. ऑनलाइन पंच समोर नसतो, म्हणून मी आता गप्पांची खिडकी कायमची बंद ठेवली आहे आणि अशा खेळाडूला डाव संपताच ब्लॉक करतो.

मडगाव

"तुमच्या हातून घडले का" असे विचारले आहे, म्हणून लिहितो. माझ्या हातून घडले आहे, आणि एकदा नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी रात्री ३ मिनिटांचे डाव एकामागून एक खेळायचो. चार-पाच डाव सलग हरलो की पुढच्या डावात मात दिसताच अंगठा आपोआप खालून वर सरके आणि अ‍ॅप बंद होई. धागा उघडणाऱ्या सरांनी विचारले की लोक असे का करतात. माझ्यापुरते उत्तर असे की गुण वाचत नाहीत हे मला पक्के ठाऊक होते, पण आपला राजा पडलेला बघायचा नव्हता. समोर कोणी माणूस आहे ही गोष्ट त्या क्षणी डोक्यात नसायची. असायचे फक्त एक नाव, एक झेंडा आणि चार आकडी रेटिंग.

बंदी आली ती आधी काही मिनिटांची आणि मग वाढत गेलेली. तिने सवय मोडली नाही, मी दुसरीकडे खाते काढले. मोडली ती तालुक्याच्या एका स्पर्धेत. माझ्यासमोर साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते. ते हरत होते आणि त्यांच्या घड्याळात वीस मिनिटे होती. त्यांनी ती वीस मिनिटे वापरली, पण पटाकडे बघत, ओठ हलवत, एकेक वाट तपासत. शेवटची वाटही बंद आहे हे पटल्यावर त्यांनी घड्याळ थांबवले, उभे राहून हात दिला आणि म्हणाले, "चांगला खेळलास, बाळा." त्यांच्या तळव्याला घाम होता. हरताना त्यांनाही तेवढाच त्रास झाला होता. त्या रात्री मी खेळायला बसलो आणि मात दिसल्यावर डाव सोडण्याचे बटण दाबले. त्या काळात ज्यांना मी पडद्यासमोर तसेच बसवून गेलो, त्यांची क्षमा मागायला आता मार्ग नाही, म्हणून इथे मागतो.

डिचोली, सध्या जहाजावर

समुद्रावर नेट बेभरवशाचे असल्यामुळे मी जलद डाव खेळतच नाही. एका चालीला तीन दिवस असा डाव खेळतो. तिथे पळून जाणे वेगळ्या रूपात दिसते. बरोबरीत असेपर्यंत दिवसाला चार चाली करणारा माणूस घोडा गमावला की प्रत्येक चालीला पूर्ण तीन दिवस घेऊ लागतो, आणि सहा चालींत संपणारा डाव अठरा दिवस चालतो. माझा असा एक डाव मुंबईहून निघताना सुरू झाला होता आणि आम्ही सुएझ ओलांडून गेलो तरी संपला नव्हता. नियमात ते बसते, म्हणून तक्रार करता येत नाही. मी अशा वेळी सूचना बंद करतो आणि तो डाव फक्त रविवारी उघडतो.

पणजी

केरीच्या भावाने लिहिले त्याला जोडून एक आठवण. २०२० च्या ऑगस्टमध्ये फिडेचे पहिले ऑनलाइन ऑलिम्पियाड झाले, त्यात विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालच्या भारतीय संघात आपल्या गोव्याची भक्ती कुलकर्णीही होती, म्हणून आम्ही घरात सगळे मिळून ते बघत होतो. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क आपल्या निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटला आणि तो हरला. आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि तो संघ स्पर्धेतून बाहेर पडला. आम्हाला तेव्हा आनंद झाला, हे मी लपवत नाही. दोनच दिवसांनी, ३० ऑगस्टला, रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात जगभर इंटरनेट कोलमडले आणि निहाल व दिव्या देशमुख यांचे डाव संपर्क तुटून, वेळ संपून गेले. या वेळी दाद आपण मागितली. फिडेचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवले. निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो, पण आर्मेनियाचे काय, हा प्रश्न माझ्या वडिलांनी त्याच रात्री जेवताना विचारला होता आणि आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते.

त्याच वर्षी एका ऑनलाइन स्पर्धेत बरोबरीकडे झुकलेल्या डावात चीनच्या डिंग लिरेनचा संपर्क तुटला आणि गुण तेव्हाचा विश्वविजेता कार्लसन याला मिळाला. पुढच्या डावाच्या सुरुवातीलाच कार्लसनने आपला वजीर देऊन टाकला आणि डाव सोडला. हिशेब बरोबर झाला. त्याने हे करावे असे कोणताही नियम सांगत नव्हता.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर समोरचा निघून गेल्यावर थोड्या वेळाने विजयाचा दावा करता येतो, तसाच त्याच ठिकाणी बरोबरी स्वीकारण्याचाही पर्याय असतो. समोरचा जिंकत असताना गेला असेल तर मी दुसरे बटण दाबते.

म्हापसा (पुन्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीच्या ताईंनी सांगितलेले दुसरे बटण मी आजवर कधी दाबले नव्हते. केरीच्या भावाचे वाचल्यावर मी गेल्या जूनपासूनचे, समोरचा निघून गेल्यामुळे मला मिळालेले विजय उघडून पाहिले. असे एकतीस डाव निघाले. त्यांतल्या सातांत पटावर मी हरत होतो, आणि त्यांपैकी तिघांविरुद्ध मी तक्रारही केली होती.

केरीच्या भावाला विनंती आहे की रविवारी सकाळी १० वाजता, १५ मिनिटे अधिक चालीला १० सेकंद, असा एक डाव माझ्याशी खेळावा. वीज गेली तर पटावरची स्थिती आणि दोन्ही घड्याळे मी वहीत उतरवून ठेवीन, आणि तुम्ही त्या दगडापाशी पोचलात की तिथूनच पुढे खेळू.