परदेशात अडकलेल्या पर्यटकांचे भयपट : परत पाहून काय वाटलं? (अनुभव लिहा)

रातराणी
भाचीला ऑफिस ब्राझीलला, साओ पावलोला पाठवतंय. काल रात्री ताईचा फोन, "अगं, तिकडे किडन्या काढून घेतात ना?" हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. 'तुरिस्तास', २००६चा भयपट, ब्राझीलमध्ये फिरायला गेलेल्या पोरांचे अवयव काढतात तो. आम्ही दोघींनी मिळून पाहिला होता आणि टुकार म्हणून विसरून गेलो होतो. फोन ठेवला आणि परत लावला.

सुरुवात अजूनही धरून ठेवते. घाटात बस कोसळते, पोरं समुद्रावर पोचतात, रात्रभर दारू-नाच, आणि सकाळी वाळूत जाग येते तेव्हा बॅगा, पैसे, पासपोर्ट सगळं गायब. पुढे जंगलातलं एका डॉक्टरचं घर, तिथून नुसती कापाकापी. पण कापता कापता तो डॉक्टर जे बोलतो ते या वेळी डोक्यातून जाईना. श्रीमंत देशांनी आमच्याकडून कायम घेतलंच, अवयवसुद्धा नेले, आता वसुली.

यात तथ्य आहे हो! २००३ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरातलं रॅकेट उघडकीला आलं. गरिबांना पैशांचं आमिष दाखवून दक्षिण आफ्रिकेत डर्बनला न्यायचे, किडनी काढायचे आणि ती परदेशी पैसेवाल्या रुग्णाला बसवायचे. सुरीखाली ब्राझीलचा माणूस होता, आणि सिनेमाने बळी केले ते तिथे फिरायला आलेले गोरे. एवढा विषय हातात असून मातेरं केलं याचा राग येतो.

तुम्हीही लिहा. असा एखादा सिनेमा परत पाहून मत बदललं असेल, किंवा परदेशात खरंच तंतरली असेल तर तेही.

घाटमाथा
बसचं नाव काढलंत. पेरू, कुस्कोची रात्रबस. ड्रायव्हर गालात कोकाची पानं धरून, खिडकीबाहेर सरळ दरी. बायको रामरक्षा म्हणत होती. शेजारच्या आजीबाईंनी काही न विचारता आपली घोंगडी तिच्या पायांवर टाकली आणि हात धरून बसल्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना नाही. सिनेमा पाहिलेला नाही.

सुईदोरा
ड्यूटी संपवून लोकलमध्ये लिहितेय, चुका पोटात घाला. मी प्रत्यारोपण विभागात नर्स आहे. काढलेलं हृदय जेमतेम ४ ते ६ तास टिकतं, किडनी बर्फात २४ ते ३६ तास. त्याआधी रक्तगट, क्रॉसमॅच (दाता आणि रुग्ण जुळतात का ती रक्ताची चाचणी). वाटेत सापडलेल्या माणसाचं काढून भलत्याला बसवलं असं होत नाही. आम्हाला या सिनेमांचा त्रास वेगळाच. ब्रेनडेड रुग्णाच्या घरच्यांशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न, "तुम्ही जिवंत असतानाच काढता ना?" परवा एका मुलाचे काका हे म्हणाले आणि उठून गेले. मागे चार माणसं यादीत वाट बघत होती.

माडाखाली
त्यात ती पोरं काइपिरिन्या पितात ना? आम्ही गोव्यात काजू फेणीत करतो. लिंबाच्या फोडी साखरेबरोबर चेचायच्या, वर फेणी, बर्फ. काजूही आमच्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणला.

घाटमाथा
@माडाखाली उन्हाळ्यात हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) घालून चालेल का?

माडाखाली
पळेल! साखर कमी घाल.

दूरदेशी
मी ब्राझीलमध्ये राहते. या सिनेमावर इथे लोक भयंकर चिडले होते, आणि बरोबरच होतं. इथलं प्रत्यारोपण बहुतांश सरकारी पैशातून होतं, या बाबतीत हा देश जगात पहिल्या रांगेत. पण भीती इथेही आहेच. १९९७मध्ये कायदा आला की नकार नोंदवला नसेल तर मेल्यावर तुम्ही अवयवदाते. गरिबांना वाटलं, आता आपल्याला मरू देतील. ओळखपत्रावर नकार लिहून घ्यायला लोक धावले आणि पुढच्याच वर्षी ती अट काढावी लागली. @रातराणी ताईंना सांगा, रस्त्यात फोन हातात मिरवू नये, बाकी माणसं जीव लावणारी आहेत. भाचीला माझ्याकडे जेवायला पाठवा.

बोरीबाभळी
मी धुळ्याकडचा. सिनेमा कशाला, साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते, आमच्या गावच्या ग्रुपवर तर 'किडन्या काढतात' असंही जोडलेलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती. बाजाराच्या दिवशी जमावाने ठेचून मारली. परक्या गावात जीव गेला तो त्यांचा. माझी आई त्यानंतर दारात आलेल्या प्रत्येक गोसाव्याला आत बोलावून पाणी देते, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "महाराज, बसा" म्हणते.

सुईदोरा
@बोरीबाभळी आईंना नमस्कार सांगा.

रातराणी
+१. वाचून घशात आवंढा आला. ताईला हे सगळं वाचायला देते आहे. @दूरदेशी, व्यनि (खासगी निरोप) करते.

कुकरचीशिट्टी
धागा पूर्ण वाचला नाही, शिट्टी होतेय. भाचीला पीतज्वराची लस घ्यायला सांगा! ब्राझीलहून परत येताना आपल्याकडे विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते.

रातराणी
अरे देवा, हे तिच्या ऑफिसने सांगितलंच नाही! उद्याच पाठवते.