'प्लॅट अमेंडमेंट'ला मराठीत काय म्हणावं? आणि क्यूबा मांडलिक की अंकित?

प्रश्न : अमेरिकेने क्यूबावर अटी लादल्या त्या १९०१ च्या 'प्लॅट अमेंडमेंट'ला काही ठिकाणी 'प्लॅट घटनादुरुस्ती' म्हटलेलं दिसतं. हे बरोबर आहे का? आणि तिच्यामुळे क्यूबाची जी अवस्था झाली तिला मांडलिक म्हणावं, संरक्षित की अंकित?

प्रतिसाद १ : 'घटनादुरुस्ती' साफ चूक. अमेरिकी सिनेटर ऑर्व्हिल प्लॅट यांच्या नावाचा हा मजकूर अमेरिकेच्या लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडला गेला आणि २ मार्च १९०१ ला मंजूर झाला. अमेरिकेच्या राज्यघटनेला त्याने हातही लावला नाही. आपल्याकडे सभेत मूळ सूचनेला जोडतात ती 'उपसूचना'. तोच शब्द इथे नेमका बसतो. 'प्लॅट दुरुस्ती' रूढ आहे, तीही चालेल, फक्त पहिल्या उल्लेखात 'लष्करी खर्च विधेयकावरील' एवढं लिहा.

गोंधळ होतो त्यालाही कारण आहे. क्यूबातल्या अमेरिकी फौजा हलवायच्या तर हा मजकूर तुमच्या घटनेत घ्या, अशी अमेरिकेची क्यूबाला अट होती. क्यूबाच्या घटना समितीने तो १६ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारून परिशिष्ट म्हणून जोडला. १९०३ मध्ये तोच दोन्ही देशांच्या तहात आला. म्हणजे मजकूर एक, कागद तीन. आपण कुठल्या कागदाबद्दल लिहितोय ते आधी ठरवा, मग शब्द.

प्रतिसाद २ : मांडलिक नको. मांडलिक म्हटलं की खंडणी आली, आणि क्यूबा खंडणी देत नव्हता. 'तैनाती फौजेसारखं' असंही कुणी लिहितं, तेही जुळत नाही. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनी फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, परराज्यांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्कही गमावला. क्यूबाचे राजनैतिक प्रतिनिधी परदेशांत होते. अट होती ती स्वातंत्र्याला बाध आणणारा तह न करण्याची आणि झेपणार नाही असं कर्ज न काढण्याची. 'संरक्षित राज्य' हा कायद्याचा शब्द, पण तसा दर्जा जाहीर झालाच नव्हता. शिवाय ऐकायला फारच प्रेमळ! माझं मत 'अंकित'ला. मात्र तो लेखकाचा निवाडा आहे. तहातला शब्द म्हणून अवतरणात घालू नका.

प्रतिसाद ३ : प्लॅटच्या तिसऱ्या कलमाने अमेरिकेला क्यूबात हस्तक्षेपाची मुभा दिली; त्याच्या भाषांतरात 'हस्तक्षेपाचा हक्क'च ठेवा. 'ढवळाढवळ' १९०६ ते १९०९ च्या क्यूबावरील अमेरिकी ताब्यावर टीका करताना वापरा.

प्रतिसाद १ : सातव्या कलमातून क्यूबातला ग्वांतानामोचा अमेरिकी नौदल तळ आला. तिथे नुसतं 'भाडेपट्टा' लिहिलं की वाचक मुदत शोधतो आणि कुणीतरी ९९ वर्षं ठोकून देतं. १९०३ च्या भाडेपट्ट्याच्या करारात मुदतच नाही, म्हणून 'बेमुदत भाडेपट्टा' लिहा. भाडं वर्षाला २,००० डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. दुसरा खड्डा सार्वभौमत्वाचा: करारात अंतिम सार्वभौमत्व क्यूबाचं, पण पूर्ण अधिकार आणि नियंत्रण अमेरिकेचं. दोन्हीकडे 'सत्ता' लिहिलंत तर कलम स्वतःलाच खोडतं.

प्रश्नकर्ता : मग १९३४ मध्ये 'प्लॅट रद्द झाली' हे वाक्य ठीक?

प्रतिसाद २ : ठीक, पण अर्धं. १९३४ च्या नव्या तहाने हस्तक्षेपाचा हक्क गेला, तळ राहिला. अमेरिकेने तो सोडेपर्यंत किंवा बदलाला दोघांची संमती होईपर्यंत.