चिऱ्याचं घर, नेट एक, कॉम्प्युटर तीन. काय घेऊ? (बजेट ३०००)

चिऱ्याचं_घर
नमस्कार मंडळी. राजापूरजवळ गावात सासरचं जुनं घर आहे, जांभ्याच्या चिऱ्याचं, भिंती सव्वा-दीड फुटाच्या. मार्चमध्ये फायबर आलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन, डबा (राउटर) ओटीवर खिडकीशी बसवलाय कारण वायरवाल्याला तिथे सोपं पडलं. कॉम्प्युटर तीन. माझा ऑफिसचा लॅपटॉप माजघरात, मिस्टरांचा डेस्कटॉप मागच्या पडवीत (आंब्याच्या ऑर्डरी, बिलं), आणि पुतण्या वर माडीवर, त्याचे क्लास असतात. ओटीवर ९० स्पीड मिळतो, माजघरात २०-२५, पडवीत कधी ३ कधी काहीच नाही. डेस्कटॉपला वायफाय नाहीच, मिस्टर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बसतात. ओटी ते पडवी ४५ फूट असेल. बजेट ३०००, त्याच्या वर एक रुपया नाही, पावसाआधी कौलं परतायची आहेत. काय घेऊ?

कोथरूडकर_७७
ताई सरळ मेश घ्या, म्हणजे घरभर ठेवायचे वायफायचे दोन-तीन डबे, सगळ्यांचं मिळून नेटवर्क एकच. मी तीन डब्यांचा संच घेतला ११ हजाराला, चार बेडरूमचा फ्लॅट आहे, बाथरूममध्ये पण फुल रेंज, व्हिडिओ कॉल चालू ठेवून या खोलीतून त्या खोलीत गेलं तरी तुटत नाही. एकदाच खर्च करायचा पण चांगला करायचा.

चिऱ्याचं_घर
दादा, बजेट ३००० लिहिलंय वर.

कोथरूडकर_७७
हो वाचलं. पण थोडं थांबून घ्या, दिवाळीत सेल लागतो.

बाबूराव_नाशिक
रिपीटर लावा, वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, १४०० ला येतो, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा की झालं. माझ्याकडे तीन वर्षं चालू आहे काही त्रास नाही.

तारवाला_सांगली
रिपीटर साधा असेल तर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, म्हणून स्पीड निम्मा होतो. आणि ठेवणार कुठे? माजघरात त्याला २० मिळणार तर तो पडवीत १० देणार, ते पण भिंतीतून जाऊन. मेशचं पण तेच, डब्याडब्यांत वायर नसेल तर त्यांचं आपापसातलं बोलणं त्याच चिऱ्यातून जाणार, कोथरूडच्या विटांच्या भिंती वेगळ्या. ताई, केबल ओढा. लॅन केबल, म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरला जोडायची वायर, १०० मीटरपर्यंत चालते, तुमचे ४५ फूट म्हणजे काहीच नाही. घरात जुना राउटर पडलाय का?

चिऱ्याचं_घर
आहे, मुंबईच्या घरातला, ट्रंकेत. चालतो की नाही माहीत नाही.

नाना_डोंबिवली
आजकालच्या मुलांना सगळं आयतं मिळतं. आम्ही २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड घेतलं, २५६ केबीपीएस, आणि त्यावर दोन कॉम्प्युटर चालवले. एका कॉम्प्युटरला दोन लॅन कार्ड टाकायची, एकात मोडेम, दुसऱ्यातून क्रॉस केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला, आणि विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करायचं. पहिल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.०.१ मिळायचा. फक्त तो सतत चालू ठेवावा लागायचा, बंद केला की दुसऱ्याचं नेट गेलं. रात्री २ ते ८ फुकट होतं त्या प्लॅनमध्ये, मुलगा गजर लावून उठायचा.

बाबूराव_नाशिक
नाना आमच्याकडे ५१२ होतं.

नाना_डोंबिवली
सुरुवातीला २५६ च होतं, माझ्याकडे बिलं आहेत अजून.

मालवणी_मनीष
ताईनू, केबल घाला पण भायरसून घालू नकात, माकडां सोडूची नाय. आमच्याकडे पागोळीच्या खालून नेलेली, चौथ्या दिवशी तोडून टाकल्यानी. आणि मुख्य म्हणजे वीज. दोन वर्षांमागे ऑक्टोबरात गडगडाट चालू होता, माझी केबल मांगरापर्यंत उघड्यावरून नेलेली, झाडावर वीज पडली ती आमच्यापासून बरीच लांब होती, तरी राउटरचे लॅनचे पोर्ट गेले आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड पण गेला. तांब्याची तार आहे ती, आजूबाजूला वीज पडली तरी तिच्यात झटका उतरतो. घरातल्या घरात माळ्यावरून न्या.

देवरुखची_सई
माकडांवर एकच उपाय, पीव्हीसी पाईपातून केबल न्यायची.

मालवणी_मनीष
पाईपच उपटतत गो.

कोथरूडकर_७७
बघा, केबलची ही कटकट. म्हणून मेश.

तारवाला_सांगली
ताई जुना राउटर आहे ना मग तो पडवीत असा लावा. आधी लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा, त्याचा पत्ता बदला, मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातला डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, हे विसरलात तर दोन डबे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत बसतील आणि आज चालतं उद्या चालत नाही असं होईल. ओटीवरून आलेली केबल याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनच्या (बाहेरचं नेट घ्यायच्या) नाही, तो बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचा असतो. वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळं, एकाला १ दुसऱ्याला ६ किंवा ११. डेस्कटॉप दुसऱ्या लॅन पोर्टात. खर्च फक्त केबलचा.

केबल घेताना दुकानात एक टोक सोलून आतली तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते पण वाकवली की तुटते. क्लिप (केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग) स्वतः मारणार असाल तर खिट्टी खाली आणि पिना वर धरून डावीकडून रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हेच.

आयटीवाला_विशाल
जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असणार. आजच्या काळात गिगाबिटच (१००० एमबीपीएस) घ्यावं. माझ्याकडे अडीच गिगाबिटचा स्विच आहे.

तारवाला_सांगली
प्लॅन १०० चा आहे त्यांचा. १०० च्या पोर्टातून ९४-९५ मिळतात. पुरे.

आयटीवाला_विशाल
उद्या प्लॅन वाढवला तर?

तारवाला_सांगली
उद्या राउटर बदलतील. केबल चांगली असली की झालं.

बाबूराव_नाशिक
रिपीटर १४०० ला येतो, मी परत सांगतो.

पेडणेकर_गोवा
पॉवरलाईन ॲडाप्टर बघितलात का? विजेच्या वायरिंगमधूनच नेट जातं, भिंत फोडायला नको. मी पेडण्याच्या घरी लावलंय, २५-३० मिळतात.

देवरुखची_सई
आमच्याकडे चाललं नाही. ओटीची आणि मागची लाईन वेगळ्या फेजवर निघाली, वायरमनने सांगितल्यावर कळलं. साडेतीन हजार पाण्यात. मी अजून एक सांगते, लाईट गेली की काय हे आधी ठरवा. पावसात आमच्याकडे दिवसाआड जाते, लॅपटॉप चालू पण नेट बंद. डब्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, पण डब्याच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघूनच घ्या.

चिऱ्याचं_घर
सगळ्यांचे आभार. काल काय केलं ते लिहिते.

सईताईंचं वाचून बसले होते. इन्व्हर्टरची लाईन आमच्याकडे फक्त माजघरात आणि जिन्यात आहे. म्हणजे पडवीत दुसरा राउटर लावला तरी लाईट गेली की तो बंद. मग लॅपटॉप घेऊन घरभर फिरले आणि एक गोष्ट लक्षात आली, भिंती चिऱ्याच्या आहेत पण माडीची जमीन फळ्यांची आहे. मोबाईलचा हॉटस्पॉट माजघरात जिन्याशी ठेवला तर वर पुतण्याला फुल दांड्या दिसत होत्या. डबाच चुकीच्या जागी होता. ओटीवर कोणी कामच करत नाही.

वायरवाल्याला बोलावलं. त्याने फायबर दाराच्या चौकटीवरून आत ओढली, कोपऱ्यात मी जोरात वाकवू दिली नाही, आत काच असते, फार वाकली की लाल दिवा लागतो हे त्यानेच सांगितलं. डबा आता माजघरात जिन्याजवळ, इन्व्हर्टरच्या प्लगवर. त्याचे ६०० झाले. तिथून पडवीपर्यंत १२ मीटर केबल, सगळी आतून, खरवडून बघून घेतली, दुकानदारानेच क्लिपा मारून दिल्या, ४२०. जुना राउटर ट्रंकेतच ठेवला, दोन डबे सांभाळायचे नाहीत मला.

माजघरात ९०, पडवीत केबलवर ९३, माडीवर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (हे भिंतीतून जास्त लांब जातं) ३५. ओटीवर आता १५ च येतात, सासऱ्यांना बातम्या बघायला तेवढे पुरतात.

तारवाला_सांगली
जुना राउटर ओटीवर लावा ना मग, तिकडे पण ९० येतील.

चिऱ्याचं_घर
नको दादा. उरलेल्या पैशात कौलं घेते.

मालवणी_मनीष
गडगडाक लागला की पडवीतली केबल काढून ठेवा हां. आतली असली तरी.

कोथरूडकर_७७
चांगलं झालं. दिवाळीत मेश बघा मात्र.