तेंदूपत्ता बंद करावा का? पाचगावचा निर्णय आणि बाकीच्या ग्रामसभा

झाडीपट्टीकर

मुद्दा थेट मांडतो. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळालेत, त्यांनी तेंदूपत्त्याचा (बिडीच्या पानांचा) धंदा टप्प्याटप्प्याने बंद करावा, असं माझं मत आहे. शिव्या खायची तयारी ठेवूनच धागा काढतोय.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा, वापरायचा आणि त्यातलं गौण वनोपज (तेंदू, मोह, बांबू असा माल) विकायचा हक्क दिला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हातात पडेपर्यंत २०११ चा एप्रिल उजाडला, आणि तोही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. पुढे गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांना हक्क मिळाले. पूर्वी तेंदूचे लिलाव वनखातं करायचं, २०१३ पासून बऱ्याच ग्रामसभा स्वतःच करतात.

आता पाचगाव. चंद्रपूर जिल्हा, गोंडपिपरी तालुका. २०१२ मध्ये हजारेक हेक्टर जंगल गावाच्या हाती आलं आणि ग्रामसभेने ठरवलं की बांबू तोडू, तेंदू तोडणार नाही. कारण साधं होतं. कोवळं, मोठं पान यावं म्हणून हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटतात आणि खाली आग लावतात. जमीन भाजली की मुळांतून नवे कोंब फुटतात, पान लुसलुशीत येतं, ठेकेदार खूश. पण त्याच आगीत ऐन, बिजा, मोह, चारोळी यांची रोपं करपतात. छाटलेल्या झाडाला टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, लागत नाहीत, मग माणूसही उपाशी आणि अस्वलही.

आणि हे सगळं आता जास्त महाग पडतंय. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या हिशेबाने देशात १९०१ पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला. पाचोळा लवकर वाळतो आणि एका काडीने लागलेली आग चार गावांच्या हद्दी ओलांडते. उघड्या पडलेल्या मातीवर जूनचा पहिला धो-धो पाऊस पडला की ती नाल्यात. हवामान बदलाला तोंड द्यायचं तर जमिनीत ओल टिकली पाहिजे, जंगल मिश्र राहिलं पाहिजे. तेंदूचा धंदा नेमका याच्या उलट काम करतो. बोला.

---

कुरखेडावाला

बोलतो. मे महिन्यात तुमच्या खात्यात पगार जमा होत असेल, आमच्याकडे होत नाही. धान विकून आलेले पैसे होळीपर्यंत संपतात. जूनमध्ये बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं. मधल्या काळात रोख पैसा देणारं एकच काम आहे, तेंदू.

काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे "बंद करा" म्हणताना अंदाज येईल. पहाटे चारला घर सोडायचं, ऊन चढायच्या आत ओझं घेऊन परत. मग घरातली सगळी माणसं ओसरीत बसून ७०-७० पानांची पुडकी बांधतात, म्हातारी आणि शाळेतलं पोरगंसुद्धा. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, न्यायची, ठेकेदाराचा दिवानजी मोजणार, त्यातली दहा-पाच "पान बारीक आहे" म्हणून बाजूला काढणार. अशी हजार पुडकी झाली की एक गोणी. मजुरी ज्याच्या त्याच्या हातात पडते, ठेकेदार पानासाठी वर देतो ती रॉयल्टी ग्रामसभेची. वनखात्याच्या काळात आम्हाला मजुरी आणि उशिरा मिळणारा बोनस एवढंच होतं. दर ठरवायला आम्ही टेबलावर बसतो हे आत्ता कुठे सुरू झालंय, आणि आत्ताच तुम्हाला जंगलाची काळजी सुचली?

पाचगावकडे बांबू आहे. ज्या गावच्या हद्दीत बांबू नाही त्यांनी काय विकायचं?

---

निवृत्त वनपाल

दोघांचंही अर्धं पटतं. नोकरी याच पट्ट्यात गेली, म्हणून लिहितो.

वणवा फक्त तेंदूमुळे लागतो हे खरं नाही. मार्चमध्ये मोहफुलं वेचायची म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, खाली पडलेलं पांढरट फूल नीट दिसावं म्हणून. ती आग विझवायला कोणी थांबत नाही. शिकारवाले लावतात. रस्त्याने जाणारा बिडी टाकतो. आणि खात्याच्या जाळरेषा, आग अडवायचे मोकळे पट्टे? त्या वेळेत जाळून मोकळ्या ठेवायच्या असतात. मजुरांचे पैसे वेळेवर आले नाहीत की त्या तशाच राहतात, किंवा उशिरा भर उन्हात जाळल्या जातात आणि आग पुढे सरकते. हे मी आतून पाहिलंय.

आता भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रह आग पकडतो, मोबाइलवर संदेश येतो. राज्यात सगळ्यात जास्त संदेश येणाऱ्या जिल्ह्यांत गडचिरोली दर वर्षी असतो. पण संदेश येऊन काय? एका वनरक्षकाकडे एवढं मोठं बीट (राखायचा जंगलाचा भाग) की तो पोचेपर्यंत नाला ओलांडून आग पलीकडे. विझवायला हिरव्या फांद्या घेऊन धावतात ती गावचीच पोरं. म्हणून गाव सोबत नसेल तर जंगल वाचत नाही, हे मी खात्यात असतानाही म्हणायचो.

पण ग्रामसभा म्हणजे सगळं आलबेल असंही समजू नका. हक्क मिळाला, व्यवस्थापन आराखडा कुठे आहे? अनेक गावांत कागदावरसुद्धा नाही. किती तोडायचं, कुठला भाग किती वर्षं मोकळा सोडायचा, हे कोणी ठरवलं? रॉयल्टी आली की सभामंडप बांधायचा, रोपवनाला दमडी नाही, अशी गावंही पाहिलीत.

---

एटापल्लीहून

आराखडा नाही म्हणता, तर आराखड्याला पैसा कोण देतं तेही सांगा. जंगल तोडून दिलं की भरपाईचा पैसा कॅम्पा या वनीकरणाच्या निधीत जातो, २०१६ च्या कायद्याप्रमाणे. तो खर्च करतं वनखातं, आणि त्यातून सागाची रांगच्या रांग उभी राहते. सागाखाली ना गवत, ना कंद, ना रानभाजी. मिश्र जंगल हवं तर पहिला प्रश्न तिथे विचारा.

दुसरं. आमच्या तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण आहे. २०२५ मध्ये त्याच भागात खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून जास्त वनजमिनीला तत्त्वतः मंजुरी मिळाली, तोडायची झाडं लाखाच्या वर. तिकडे एक धागा काढा की. आम्ही झुडूप छाटलं तर हवामान बदलतं, डोंगर खणला तर विकास होतो.

---

पिंपरी-पुणे लोकल

बाहेरून बघतोय, चूक असेल तर सांगा. तेंदूऐवजी कार्बन क्रेडिट का नाही? गावाने जंगल राखायचं, आग रोखायची, शोषलेल्या कार्बनचे पैसे कंपन्यांनी द्यायचे. गावाला तेंदूपेक्षा जास्त मिळेल आणि जंगलही वाढेल.

---

आकडेमोड

लोकल, ऐकायला गोड आहे. असे करार वीस-तीस वर्षांचे असतात. एवढा काळ गावाने काय तोडायचं नाही हे कागदावर बांधलं जातं. मोजणी करणारा, प्रमाणपत्र देणारा, मधला दलाल, सगळ्यांचा हिस्सा आधी निघतो. आणि मधेच मोठा वणवा लागून क्रेडिट बुडालं तर जबाबदारी कोणाची? सही करताना ग्रामसभेच्या बाजूने कलम वाचायला कोण बसणार? ज्या गावांचे तेंदूचे पैसेच ठेकेदाराने बुडवले, त्यांना हा कागद पुढे केला की काय होईल याचा विचार करा.

कारण ते घडलेलं आहे. २०१७ मध्ये भाव चढले, ग्रामसभा खूश. त्याच वर्षी तेंदूपत्त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, पुढच्या वर्षी भाव कोसळले. काही ठेकेदारांनी थोडी रक्कम दिली आणि उरलेली द्यायला आलेच नाहीत. पिशवीभर करारनामे घेऊन गावकरी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिले. तेव्हा झाडीपट्टीकर, मला तुमच्याशी सहमत व्हावंसं वाटतं, पण कारण वेगळं आहे. एकाच मालावर, एकाच महिन्यात, एकाच ठेकेदारावर सगळं गाव टांगलेलं असणं हाच मुळात धोका आहे. त्यात आता एप्रिल-मेमध्ये अवकाळी आणि गारा. फळीवर वाळत घातलेल्या पुडक्यांना ऊन हवं असतं. दोन दिवस पाऊस लागला की पान काळं पडतं, बुरशी धरते, ठेकेदार उचलत नाही.

---

झाडीपट्टीकर

एटापल्लीहून, खाणीविरुद्ध मीही आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये खाणीला नकार दिला तो जंगल त्यांचं आहे या आधारावरच. आपणही उद्या तेच म्हणणार असू, तर ते जंगल आपण कसं राखतो हे विचारलं जाणारच. तो प्रश्न खाणवाल्याने विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारावा.

कुरखेडावाला, बांबूचा मुद्दा मान्य. पण बांबू हाच एकमेव पर्याय नाही. अमरावतीच्या पायविहीरने उजाड डोंगरावर राखण केली आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात पोचवली. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, झऱ्यांना पाणी आलं, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही गावं तुमच्याआमच्यासारखीच गरीब होती.

---

कुरखेडावाला

बारीपाडा व्हायला किती वर्षं लागली तेही लिहा. नव्वदच्या दशकापासून राबतायत ते. आमच्या पोराची फी या जूनला भरायची आहे.

---

रानपाखरू

एवढ्या प्रतिसादांत बाईमाणूस एकच दिसलं, पुडकी बांधणारी म्हातारी. तोडणारे निम्म्याहून जास्त हात बायकांचे असतात. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पहाटेच्या अंधारात वाकून झुडपाशी असतं ना माणूस, वाघाले जनावरच वाटते. तेव्हा तेंदू चांगला की वाईट हे मले नका शिकवू, त्याचा हिशेब आमच्यायकडं वेगळा आहे.

तरी बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. आमच्या ग्रामसभेने मधली वाट काढली ती सांगते, पटली तर घ्या. ठेक्याच्या करारातच लिहून घेतलं की आग लावायची नाही, ठेकेदाराच्या माणसाने लावली तर अनामत जप्त. छाटणी आम्हीच करतो, कोयत्याने, आणि जंगलाचे भाग पाडलेत. या वर्षी छाटला तो भाग पुढच्या वर्षी सोडायचा. टेंभराची मोठी झाडं मोकळी. मोहाखाली आता पाला जाळत नाही, झाडून बाजूला करतो. पहिल्या वर्षी जुन्या नेटच्या साड्या खाली बांधून पाहिल्या, फुलं माती न लागता मिळाली, भावही दोन पैसे जास्त आला. मार्च ते मे घरटी एक माणूस पाळीने गस्तीला. गस्तीला आलं नाही तर दंड, आणि सरपंचाच्या घरालाही तोच.

कुरकूर झाली. पान थोडं बारीक येते, ठेकेदार भाव पाडून मागतो. एका वर्षी त्याने घेतलंच नाही, दुसरा शोधावा लागला. शेजारच्या गावाने आग लावली ती आमच्या हद्दीत घुसली, त्यावर भांडणं अजून चालू आहेत. एकट्या गावाने जमत नाही हे.

---

निवृत्त वनपाल

रानपाखरू, भाग पाडून छाटणी हे फार मोलाचं. शेजारच्या गावाचा प्रश्न मात्र करारानेच सुटेल. तुमच्याकडे ग्रामसभांचा गट एकत्र लिलाव करतो ना? मग आगीची अट गटाच्या करारात घाला, सगळ्या गावांना एकच. लिलावाची बोलणी थंडीत सुरू होतात, छाटणीच्या आधी. अट तेव्हाच घालायची असते, मार्चमध्ये धूर दिसल्यावर काही उपयोग नाही.

---

रानपाखरू

गटात एकवीस गावं आहेत. सात तयार आहेत, बाकीची म्हणतात ठेकेदार पळेल. कुरखेडावाला, तुमचं गाव आमच्याच गटात असेल तर दिवाळीनंतरच्या बैठकीला या, तिथे भांडू.

---

कुरखेडावाला

येतो. पण भावाची हमी कोण देणार, हे आधी विचारणार.