एफएमआर-१ जनुकाचे प्रथिन म्हणजे केवळ ‘ब्रेक’ आहे का?

केंद्रक: ‘आशावादी’ यांनी परवा लिहिले की, एफएमआर-१चे प्रथिन मेंदूतील प्रथिननिर्मितीचा ब्रेक आहे, फ्रॅजाइल एक्समध्ये (या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या, बौद्धिक वाढ खुंटवणाऱ्या आनुवंशिक आजारात) तो निकामी होतो आणि त्याची जागा घेणारे औषध मिळाले की प्रश्न सुटेल. हे वाचून गप्प बसवले नाही, कारण याच सोप्या मांडणीवर असंख्य पालकांनी आशा बांधल्या आणि त्या मोडताना पाहिल्या. २००२ साली एफएमआर-१ नसलेल्या उंदरांत असे आढळले की, ग्लुटामेट या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एका प्रकारच्या ग्राहींमुळे (ते टिपणाऱ्या प्रथिनांमुळे) चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधील जोड, दुबळ्या होण्याची प्रक्रिया प्रमाणाबाहेर वाढते. त्यातूनच त्यांपैकी एमग्लुआर-५ हा ग्राही रोखणारे मावोग्लुरंट हे औषध माणसांवर तपासले गेले. परंतु किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि २०१४मध्ये या आजारासाठीचे त्याचे काम थांबले. शिवाय २०१८ साली फळमाशीच्या बीजांडांत हेच प्रथिन मोठ्या आकाराच्या प्रथिनांची निर्मिती वाढवते, असे दिसून आले. पेशीच्या आवरणातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या काही वाहिन्यांना तर ते थेट चिकटते आणि तेथे प्रथिननिर्मितीचा संबंधच येत नाही. मग ब्रेक कशाला म्हणायचे?

आशावादी: औषध अपयशी ठरले म्हणजे जनुकाचे कार्य चुकीचे समजले गेले, हा निष्कर्ष घाईचा आहे. मेंदूची घडण बरीचशी झाल्यावर दिलेल्या औषधाने बालपणीची उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा मुळात कोणी ठेवावी? २०११ साली उंदरांच्या मेंदूत या प्रथिनाने धरून ठेवलेले ८४२ संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारे रेणू) नोंदवले गेले आणि त्यांच्यावरील रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारी यंत्रे, ते थोपवते, हेही दाखवले गेले. ज्या रुग्णात या प्रथिनाच्या ३०४व्या स्थानी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲस्पॅराजिन आले होते, त्याच्यात प्रथिन तयार होत होते, पण ते पॉलिरायबोसोमशी (एका आरएनएवरील रायबोसोमांच्या माळेशी) नीट जोडले जात नव्हते, आणि त्याचा आजार अत्यंत तीव्र होता. माशीच्या बीजांडाचा दाखला माणसाच्या मेंदूला लावणे मला पटत नाही.

केंद्रक: त्या रुग्णावरून रायबोसोमशी असलेले नाते महत्त्वाचे ठरते, ते नाते केवळ थोपवण्याचेच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि माशी नको, पण उंदीर चालतो, हा न्याय कुठला?

दोघांची आई: आपण दोघे ८४२ आरएनएंवर भांडत आहात आणि आमच्यासारख्यांना तपासणीचे नावसुद्धा कोणी सांगत नाही. माझा मुलगा बोलेना, तेव्हा ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगितले गेले. पुढे स्वमग्नतेचे निदान झाले, पण कारण शोधावे असे एकाही डॉक्टरांना वाटले नाही. या जनुकातील सीजीजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती २००च्या पुढे गेली आहे, म्हणजे हा फ्रॅजाइल एक्स आहे, हे कळेपर्यंत धाकट्याचा जन्म झालेला होता. मग सासरी ‘आईकडूनच आले’ हे पालुपद सुरू झाले. माझ्या वडिलांचे हात कापतात, चालताना तोल जातो, त्यांच्यावर पार्किन्सन म्हणून उपचार चालले होते. त्यांच्यात प्रीम्युटेशन (नेहमीपेक्षा अधिक, पण २००च्या पुढे न गेलेली पुनरावृत्ती) असेल, हा विचार कोणाच्याही मनात आला नाही.

निरीक्षक: आपले दुःख मोठे आहे, हे मान्य करूनही सांगतो की हा धागा प्रथिनाच्या कार्याचा आहे. स्वमग्नता असलेल्या बहुसंख्य मुलांत हा दोष सापडत नाही. माझ्या पुतण्याची तपासणी झाली, अहवाल येईपर्यंत सारे घर धास्तावलेले होते आणि शेवटी काहीच निघाले नाही. सरसकट तपासणीची मागणी करण्याआधी ही धास्तीही मोजावी.

दोघांची आई: आपल्या घरची धास्ती अहवालाबरोबर संपली, म्हणून आपण ती मोजता. आमच्या घरी अहवालच उशिरा आला आणि त्याचे मोल माझा धाकटा मुलगा आयुष्यभर चुकवणार आहे. या दोन गोष्टी एका तराजूत घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

केंद्रक: निरीक्षक, हे विषयांतर नाही. ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेल्या माणसात प्रथिन बहुतांशी तयार होतेच. उलट त्याचा आरएनए नेहमीपेक्षा अधिक साचतो आणि इतर प्रथिने त्यात अडकून पडतात. वयस्क पुरुषांतील कंप आणि तोल जाणे यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते, आणि हा विकार २००१ साली प्रथम वर्णिला गेला. एकाच जनुकाचा दोष नातवात प्रथिनाच्या अभावाने आणि आजोबांत आरएनएच्या अतिरेकाने त्रास देतो. ‘ब्रेक निकामी झाला’ या वाक्यात आजोबा कुठे बसतात?

आशावादी: आजोबांपुरता ‘ब्रेक’ हा शब्द लागू होत नाही, एवढे मान्य करतो, त्याहून अधिक नाही. ज्या मुलात प्रथिनच नाही, त्याच्याबद्दल मी लिहिले होते आणि ते म्हणणे कायम आहे. तपासणीच्या बाबतीत मात्र मी या ताईंच्या बाजूने आहे, निरीक्षकांना ते रुचो वा न रुचो.

निरीक्षक: ज्यांच्या घरात असा कंप किंवा अकाली रजोनिवृत्ती आहे, त्यांची तपासणी व्हावी, याला माझा विरोध कधीच नव्हता. सरसकट करण्याला आहे.

दोघांची आई: घरात काय आहे, हे विचारले तर कळेल ना! पित्याचे एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला मिळते, म्हणून माझी धाकटी बहीणही प्रीम्युटेशनची वाहक आहे. अशा स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के जणींच्या अंडाशयाचे कार्य चाळिशीच्या आतच मंदावते किंवा थांबते. ती मूल होण्यासाठी उपचार घेत असताना तिला याबद्दल एक प्रश्नही विचारला गेला नाही. वडिलांचा अहवाल घेऊन तिलाच डॉक्टरांपुढे जाऊन बसावे लागले.